स्टुअर्ट चेशायर यांना, एका वाचनालयातून

आदरणीय स्टुअर्ट चेशायर यांस,

सप्रेम नमस्कार.

तालुक्याच्या गावातल्या एका सार्वजनिक वाचनालयाचे संगणक मी सांभाळते. मोजके संगणक, एक प्रिंटर आणि जुन्या वर्तमानपत्रांची स्कॅन केलेली पानं ठेवलेलं एक लिनक्सचं मशीन, एवढाच पसारा. ही सगळी यंत्रं एकमेकांना आपोआप सापडतात ती तुमच्या कामामुळे, म्हणून हे पत्र.

आमच्याकडे वीज जाते-येते. राउटर पुन्हा सुरू झाला की प्रत्येक यंत्राला आधीचाच आयपी पत्ता (नेटवर्कमधली त्याची आकड्यांची ओळख) मिळेल याची खात्री नसते. पूर्वी प्रिंटरवर आकड्यांची चिठ्ठी चिकटवलेली असायची. पत्ता बदलला की चिठ्ठी निरुपयोगी आणि छपाई ठप्प. आमच्या ग्रंथपाल बाईंना कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात आहे हे तोंडपाठ आहे. त्यांनी सबनेट मास्क असली नेटवर्कची आकडेमोड कशासाठी शिकायची? हा प्रश्न तुम्ही मनावर घेतलात आणि वर्षानुवर्षं सोडला नाहीत.

ॲपलच्या मॅकिंटॉश संगणकांना जोडणाऱ्या ॲपलटॉक या नेटवर्क पद्धतीत १९८०च्या दशकातच ही सोय होती: तार जोडायची, यादीतून प्रिंटर निवडायचा. पुढे सगळं जग आयपी या इंटरनेटच्या पद्धतीकडे वळलं आणि तो सोपेपणा मागे राहतो की काय अशी वेळ आली. इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेत १९९९ साली झिरोकॉन्फचा, म्हणजे हाताने काही न मांडता यंत्रं आपोआप जोडली जावीत यासाठीचा गट सुरू झाला. २००२ साली ॲपलच्या मॅक ओएस एक्स १०.२ या संगणक प्रणालीतून हे तंत्र लोकांच्या हाती आलं. त्यालाच आता बाँझूर म्हणतात. मार्क क्रॉकमल यांच्यासोबत तुम्ही लिहिलेली आरएफसी ६७६२ आणि ६७६३ ही मानकं मात्र २०१३ साली प्रसिद्ध झाली. चालू लागलेल्या गोष्टीचे नियम नीट लिहून सगळ्यांसाठी खुले करायला इतकी वर्षं देणं, याचं मला सर्वांत जास्त मोल वाटतं.

ते नियम वाचताना त्यामागची काळजी जाणवते. वर्गात नाव पुकारावं तसं एक यंत्र २२४.०.०.२५१ या सामाईक पत्त्यावर विचारतं, ‘या नावाचं कोण आहे?’ आणि ज्याचं नाव तेच उत्तर देतं. मधे सर्व्हर नाही, बाहेरचं इंटरनेट बंद असलं तरी अडत नाही. नाव घेण्याआधी यंत्र पाव-पाव सेकंदाच्या अंतराने तीनदा विचारून घेतं की हे कुणाचं आहे का. विचारणारं यंत्र आपल्याला आधीच माहीत असलेली उत्तरं प्रश्नासोबत कळवतं, म्हणजे तीच पुन्हा कुणी देत बसू नये. ज्या प्रश्नाला अनेकांची उत्तरं येऊ शकतात तिथे प्रत्येक जण क्षणभर, कमी-जास्त थांबून बोलतो, एकदम गलका होऊ नये म्हणून.

आणि नावांबद्दल तर तुमचे विशेष आभार. सेवेचं, म्हणजे प्रिंटर किंवा फोल्डरसारख्या गोष्टीचं, नाव माणसाने वाचायचं आहे, म्हणून त्यात मोकळी जागा चालेल, कुठलीही लिपी चालेल, असं तुम्ही मानकातच लिहून ठेवलंत. मर्यादा ६३ बाइटची. देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणजे एकवीस चिन्हं. ‘जुनी वर्तमानपत्रं’ त्यात आरामात बसतं. लिनक्सवर अवाही नावाचं मुक्त सॉफ्टवेअर हेच नियम पाळतं. त्याच्या फाइलमध्ये मी हे नाव लिहिलं आणि ते बाईंच्या पडद्यावर जसंच्या तसं उमटलं. त्यांनी क्लिक केलं, फोल्डर उघडलं. कुणाला काही विचारावं लागलं नाही.

हॉल तिकीट छापायला मुलं येतात. वायफायला जोडलं की त्यांच्या फोनमध्ये प्रिंटरचं नाव दिसतं. यामागे कुणाची तरी मेहनत आहे हे त्यांना ठाऊक नसतं आणि तसं ठाऊक असायची गरजही पडू नये, हेच तुम्हाला हवं असणार.

काही अडचणी अजून आहेत. काही राउटर वायफायवरच्या यंत्रांना एकमेकांपासून तोडून ठेवतात, मग सगळ्या पुकारण्या वाया जातात. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला की लोक अजूनही घाबरतात. राउटर नसतानाही दोन यंत्रांना थेट तारेने बोलता यावं म्हणून तो आहे, हे मी येईल त्याला समजावून सांगते. पुढच्या महिन्यात शेजारच्या गावातल्या वाचनालयातही अशीच मांडणी करून द्यायची आहे. तिथले ग्रंथपाल फोल्डरचं नाव काय ठेवायचं याची यादी आताच करून बसले आहेत.

बाईंनीही तुम्हाला नमस्कार सांगितला आहे.

आपली कृतज्ञ,
वाचनालयाचे संगणक सांभाळणारी एक कार्यकर्ती