माहेर एकच, मग दोष कुणाचा?

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला 'मेंदूज्वर रक्तातच असतो?' हा, या आजाराचा जनुकांशी संबंध सांगणारा लेख वाचला. मथळ्यापुढे प्रश्नचिन्ह टाकलं की जबाबदारी संपली, अशी सोय तुम्हा मंडळींनी करून ठेवली आहे. आमच्या नात्यात मात्र ते प्रश्नचिन्ह कुणी वाचलं नाही. चहा व्हायच्या आत आत्याचा फोन आला. ही आत्या माझ्या बहिणीची सासूही आहे. म्हणाली, "बघ, आता पेपरातच आलंय. मी सांगत होते ना, हे तुमच्याकडचंच."

तुमच्याकडचं म्हणजे कुणाकडचं? आत्या माझ्या वडिलांची सख्खी बहीण. हट्ट धरून भावाची मुलगी सून करून नेली. तिचं माहेर आणि सुनेचं माहेर एकच घर!

माझ्या भाच्याला अकरावीत असताना हॉस्टेलवर पहिल्यांदा मेनिंजायटिस, म्हणजे हाच मेंदूज्वर, झाला. सकाळी कणकण, दुपारी हनुवटी छातीला टेकेना, संध्याकाळी पोटऱ्यांवर जांभळट ठिपके. काचेचा पेला दाबला तरी ते फिके होत नव्हते. पाठीतलं पाणी काढलं, त्यात मेनिंगोकोकस नावाचा जंतू निघाला, पोरगं वाचलं. इंजिनिअरिंगला गेल्यावर पुन्हा तेच. तेव्हा एका मोठ्या इस्पितळातल्या मोठ्या डॉक्टरांनी 'योगायोग' म्हणून डिस्चार्ज दिला. आत्याने योगायोग मानला नाही, तिने सुनेला धरलं.

पुढे पुण्यात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी फाईल चाळत विचारलं, "आईवडिलांचं लग्नाआधीचं नातं आहे का?" एवढं विचारायला कुणाला काय पैसे पडत होते? रक्तातली जंतू मारणारी प्रथिनं काम करतात का, ते पाहणारी सीएच५० नावाची चाचणी सांगितली. नळी बर्फात ठेवून पाठवली, कारण ही प्रथिनं उबेत टिकत नाहीत. उत्तर आलं जवळपास शून्य. जंतूला भोक पाडून मारणारी कॉम्प्लिमेंट प्रथिनांची जी साखळी असते, तिच्यातलं सहावं प्रथिन याच्या रक्तात नाहीच. अशांना या एका जंतूचा धोका हजार पटींहूनही अधिक असतो, आणि तो पुन्हा पुन्हा गाठतो. एरवी शंभरातल्या दहाएक जणांच्या घशात हा जंतू मुक्कामाला असतो आणि त्यांना पत्ताही नसतो.

आता आत्यासाठी (ती तुमचा पेपर अथपासून इतिपर्यंत वाचते): हा दोष व्हायला बिघडलेल्या जनुकाची एक प्रत आईकडून आणि एक वडिलांकडून यावी लागते. म्हणजे निम्मा वाटा तुझ्या लेकाचा. मामेबहिणीशी लग्न लावलं की दोन्हीकडून तीच प्रत येण्याची शक्यता वाढते. धाकट्या भाचीच्या रक्तातही तेच निघालं, आणि ती आजवर सर्दीपलीकडे आजारी पडलेली नाही.

यातलं एक अक्षर तुमच्या लेखात नाही. २०१० सालच्या संशोधनात फॅक्टर एच या रक्तातल्या प्रथिनाच्या जनुकाजवळ सापडलेल्या फरकांचं कौतुक आहे. ते संशोधन चांगलंच आहे. जंतू आपल्याच रक्तातलं हे प्रथिन अंगावर पांघरून लपतो, हे वाचून मीही चकित झाले. पण ते फरक हजारोंच्या रक्ताची तुलना केल्यावर दिसतात, त्यावरून एकेका पोराचं भविष्य सांगता येत नाही. ज्याला हा आजार दुसऱ्यांदा झालाय त्याची साधी तपासणी करा, भावंडांचीही करा, हे सांगायला लेखकमहाशयांना दोन ओळी मिळाल्या नाहीत. लसही आहे. हजयात्रेकरूंना सक्तीची असते तीच, चार प्रकारच्या मेनिंगोकोकसवरची. या मुलांना दोन महिन्यांच्या अंतराने दोन डोस आणि पुढे दर ५ वर्षांनी एक. तरीही ताप चढला की उद्यावर ढकलायचं नाही, कारण सगळे प्रकार त्या लशीत येत नाहीत.

दोन ओळी मिळाल्या नाहीत, पण लेखाच्या पोटाशी पाव पान जाहिरातीला बरं मिळालं! 'आपली जनुके ओळखा', सणानिमित्त सवलत, फोन नंबर ठळक. आत्याला ती जाहिरात लेखाचाच भाग वाटली आणि आता ती नातसुनेची तपासणी करायला निघाली आहे. भाच्याचं अजून लग्नही ठरलेलं नाही. लेख आणि जाहिरात यांच्यामध्ये निदान एक रेघ तरी मारत जा.

आपली वाचक,
कराड
(नाव छापू नये. आत्या ओळखेलच, पण बाकीच्यांना कळायला नको.)