‘खेळ सोड’ न म्हणणाऱ्या फिजिओथेरपिस्ट ताईंना

आदरणीय ताई,
सा. न. वि. वि.

घोटा दुखावल्यावर मला सल्ले पुष्कळ मिळाले आणि बहुतेकांचा शेवट एकच होता: मुलीच्या जातीला खो-खो हवाय कशाला, सोडून दे. तुम्ही मात्र पहिल्याच भेटीत विचारलंत, “आक्रमणात खांबाजवळ बसतेस का? सूर कुठल्या पायावरून मारतेस?” तेव्हाच धीर आला. त्या प्रश्नासाठी आज हे जाहीर आभार.

पाय मुरगळला तो खांबावर वळताना. खो-खोत आक्रमकाला मध्येच मागे फिरता येत नाही, खांब गाठल्यावरच दिशा बदलता येते. त्यामुळे पळण्याचा सगळा जोर तिथे एका घोट्यावर येतो. पाऊल आत वळलं आणि बाहेरच्या बाजूचं लिगामेंट, म्हणजे हाडांना जोडणारा बंध, दुखावलं. एक्स-रेत हाड शाबूत दिसलं, म्हणून ‘नुसती लचक’ ठरली. सूज उतरली, ठणका थांबला, पण पाय दगा देत राहिला. कधी लक्ष्मी रोडच्या फुटपाथवर, कधी हनुमान टेकडी उतरताना.

असं का होतं, हे तुमच्याआधी कुणीच नीट सांगितलं नव्हतं. तुम्ही मला दुखऱ्या पायावर उभं केलंत आणि म्हणालात, “आता डोळे मीट.” घोटा लटपटायला लागला. चांगल्या पायावर मात्र मी स्थिर उभी होते. तुम्ही जमिनीवर बसून बाहेरच्या घोट्यामागचा ताणलेला स्नायूचा दोर बोटाने दाखवलात आणि समजावलंत: पाऊल कसं पडतंय याची खबर देणारी जाणीव दुखापतीत बोथट होते, बाहेरचे स्नायू सावरायला उशीर करतात, आणि हे नुसत्या विश्रांतीने भरून येत नाही, पायाला पुन्हा शिकवावं लागतं.

मग घडी घातलेल्या चादरीवर एका पायावर उभं राहणं, रबरी पट्ट्याविरुद्ध पाऊल बाहेर ढकलणं, पायरीच्या कडेवर टाचा उचलून सावकाश खाली सोडणं सुरू झालं. घोटा किती वाकतो हे पाहायला टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा आणि अंगठ्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर तुम्ही पट्टीने मोजायचात. दोन्ही पायांचं माप जुळलं, त्या दिवशी माझ्याआधी तुमचाच चेहरा खुलला.

आजीचा हळद-तुरटीचा लेपही तुम्ही मोडीत काढला नाहीत. “लावू दे त्यांना, फक्त रगडून चोळू नका म्हणावं,” एवढंच म्हणालात. आजीला त्याचं फार कौतुक आहे.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, तेव्हा माझा पाय पट्ट्यातच होता. प्रियंका इंगळेच्या नेतृत्वाखाली आपल्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं. आनंद झाला आणि जीव तुटलाही. तो सामना तुम्ही मोबाईलवर थांबवत थांबवत दाखवलात: खांबापाशी पाऊल कसं पडतं, गुडघा कुठे राहतो. त्यावरूनच माझा वळण्याचा सराव बसवलात, आधी चालत, मग हळू पळत, मग पूर्ण वेगात. पेशंटच्या खेळाचा इतका विचार करणारं माणूस भेटणं हे माझं भाग्य.

येत्या रविवारी सकाळी आमचा सामना आहे. मी खांबाजवळच बसणार आहे. आजी येतेय, तुम्हीही नक्की या.

आपली,
एक खो-खो खेळाडू, पुणे