‘नगर साईडचा’ म्हणे!

चि. अनिकेत,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू हसत हसत सांगितलंस, की होस्टेलवर तू स्वतःला ‘नगर साईडचा’ म्हणवतोस. बीड म्हटलं की पोरं लगेच विचारतात, “मग बारावीला खिडकीतून चिठ्ठ्या कोण पुरवत होतं?” बाबाही हसले. मी गप्प बसले, कारण फोनवर मी चिडते आणि तू ‘हो गं आई’ म्हणून मोकळा होतोस. म्हणून हे लिहायला घेतलं.

आधी कॉपीचं बोलू. होते. माझी पर्यवेक्षणाची ड्युटी लागली होती त्या एका केंद्रावर कंपाउंडच्या भिंतीवर माणसं अशी बसली होती जणू कुस्त्यांचा फड आहे. पण त्याच केंद्रावर पुण्या-मुंबईची पोरं गाड्या करून आलेली होती. वर्षभर शहरात क्लास करायचा, नाव मात्र आडगावच्या ज्युनियर कॉलेजात, म्हणजे हजेरीची कटकट नाही आणि प्रॅक्टिकलचे मार्क हातात. हा धंदा दोन्ही टोकांनी चालतो, बदनामी तेवढी एका टोकाची होते. त्या कॉलेजातले निम्मे मास्तर विनाअनुदानित. अनुदान आज येईल, उद्या येईल म्हणत वर्षानुवर्षं बिनपगारी राबणारे. संस्थेला निकाल हवा, कारण निकाल लागला तर पुढच्या वर्षी पोरं येतात. आता अशा माणसाने भिंतीवरच्यांना हाकलावं म्हणतोस? मी त्याचं समर्थन करत नाही, गणित कसं बसतं ते सांगते. आणि तुझ्या मित्रांना हेही सांग, की डॉ. श्रीकर परदेशी जिल्हाधिकारी असताना, २०१० च्या आसपास, कॉपीमुक्तीची मोहीम गाजली ती नांदेडला. निकाल पडणार हे माहीत असूनही लोकांनी ती चालवून घेतली. रोग आमचा म्हणतात, तर औषधही आमच्याकडेच निघालं.

आता तू म्हणशील, मग मी त्यांच्या तोंडावर लातूर पॅटर्न का नाही मारू? मारू नकोस. तू त्याच मुशीतून गेलास. अकरावी-बारावीला लातूरच्या त्या खोलीत तिघं राहत होतात, पहाटेचा क्लास, दर रविवारी टेस्ट, पोर्शन दिवाळीच्या आत संपलेला. राजर्षी शाहू आणि दयानंद कॉलेजांनी हे उभं केलं, आणि बोर्ड गुणवत्ता यादी लावत होतं तोवर लातूरच्या पोरांनी त्या याद्या गाजवल्या. मेडिकलला ७०:३० होतं, म्हणजे सत्तर टक्के जागा त्या त्या विभागातल्या पोरांना आणि तीस टक्के बाकी राज्याला, तेव्हा आपल्या विभागात कॉलेजं थोडी, म्हणून चांगले मार्क असून आपली पोरं घरी बसायची. ती अट काढा, सगळ्या राज्यात एकच यादी लावा, अशी मागणी आपल्याच भागातून होत राहिली आणि २०२० मध्ये ती मान्य झाली. नुसत्या चिठ्ठ्यांवर जगणारा प्रदेश खुली स्पर्धा मागत नाही, एवढं तुझ्या रूममेटला कळायला हरकत नाही.

पण खरं सांगू का, लातूर पॅटर्न ही मराठवाड्याच्या शाळांची ओळख नाही. ती दोन वर्षांची तालीम आहे, ज्याला खोलीभाडं, मेस आणि क्लासची फी झेपते त्याच्यासाठी. आम्ही दोघं नोकरीला, म्हणून तुला झेपली. तुझ्याबरोबर चौथीला माझ्याच वर्गात बसलेल्यांपैकी किती जण तिथवर पोचले, तूच मोज. शिवाय २०२४ ला नीटच्या पेपरफुटीच्या तपासाचे धागे लातूरपर्यंत आले, तेव्हा त्या नावाने छाती फुगवणाऱ्यांची पंचाईत झाली. गावाच्या नावावर चढलेला माणूस गावाच्या नावावरच उतरतो.

दुसरी गोष्ट. “पुण्याच्या शाळांचा दर्जा वेगळाच” असं तू दोनदा म्हणालास. कुठल्या पुण्याच्या? तुझे मित्र शिकले ते खासगी इंग्रजी शाळांत, सातआठ तास शाळा आणि वर ट्यूशन. त्यांच्यातल्या कितींनी महापालिकेच्या शाळेची पायरी चढली? तू तुलना करतोयस त्यांच्या खासगी शाळेची आणि आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेची. करायचीच तर वेल्ह्या-भोरच्या डोंगरातल्या द्विशिक्षकी शाळेशी कर. तिथेही माझ्यासारखीच एक बाई एका फळ्याचे दोन भाग करून इकडे पहिलीला बाराखडी आणि तिकडे चौथीला भागाकार घेत असते. पुस्तक दोघींच्या हातात बालभारतीचंच. कुलाब्याला तेच, किनवटला तेच. पुस्तकाने दर्जा ठरत असता तर भांडणच मिटलं असतं.

फरक नाहीच असं नाही. २०११ च्या जनगणनेत राज्याची साक्षरता ८२ टक्के, पुणे जिल्ह्याची ८६, जालन्याची ७१-७२. हे आकाश-पाताळाचं अंतर हवेतून आलं नाही. पुण्यात फुल्यांनी मुलींची शाळा काढली १८४८ ला, मुंबईला विद्यापीठ झालं १८५७ ला. आपण तेव्हा निजामाच्या राज्यात. हैदराबादला विद्यापीठ निघालं ते १९१८ ला, आणि तेही उर्दू माध्यमाचं. कपाटातले आपल्या शेताचे जुने कागद तू पाहिलेस ना, ते उगाच उर्दूत नाहीत. निजामाची राजवट संपली १७ सप्टेंबर १९४८ ला, म्हणजे फुल्यांच्या शाळेनंतर शंभर वर्षांनी. बाबासाहेबांनी औरंगाबादला १९५० मध्ये कॉलेज सुरू केलं आणि विद्यापीठ यायला १९५८ उजाडलं. ज्याची तिसरी-चौथी पिढी शिकलेली आहे आणि ज्याची पहिलीच, त्यांच्या पोरांना एका परीक्षेत बसवून ‘तुमच्यात डोकं कमी’ म्हणणं सोपं असतं.

तरी निजामाला किती दिवस शिव्या घालणार? १९८३ ला दांडेकर समिती नेमली, तिने कुठला भाग किती मागे राहिला तो अनुशेष खात्यागणिक मोजून दिला. १९९४ ला विकास मंडळं आली, ३० एप्रिल २०२० ला मुदत संपून बंदही पडली. मराठवाड्याने चार मुख्यमंत्री दिले. माझ्या शाळेच्या व्हरांड्यातले पत्रे मात्र पावसाळ्यात अजून गळतात. आपल्या लोकांना अन्यायाचं भाषण आवडतं, पटसंख्येची बैठक आवडत नाही.

आता ज्या गोष्टीने माझ्या वर्गाचा दर्जा खरोखर ठरतो ती सांगते. ती तू लहानपणी पाहिलीस, पण तेव्हा तुला फक्त खेळगडी कमी व्हायचे. दिवाळी झाली की ऊसतोडीला टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता. पोरं कुणाच्या भरवशावर ठेवायची? आजी धडधाकट असेल तर राहतात, नाहीतर गाडीत सामानावर बसून जातात सांगली-कोल्हापूरकडे, कर्नाटकात. वर्ग निम्मा रिकामा. मार्चमध्ये परत येतात तेव्हा मी अपूर्णांकावर असते आणि ती पोरं ऑक्टोबरात थांबलेली असतात. हंगामी वसतिगृहाची सोय आहे, म्हणजे गावातच जेवण-राहणं करून पोरं मागे ठेवायची. चालली तर फार चांगली चालते. पण याद्या, मंजुरी, पैसे यात उशीर झाला की आई-बाप थांबत नाहीत, आणि त्यांनी थांबावं तरी कसं?

गेल्या वर्षी तिसरीतली एक पोर उन्हाळ्याच्या तोंडावर परत आली. कडेवर भाऊ घेऊनच वर्गात यायची. मी फळ्यावर वजाबाकी घातली, हातच्याची. तिला येईना. पाटी पुसून पुसून काळी केली. मग मी सहज विचारलं, तुझ्या बापाची उचल किती होती? तिने सांगितली. किती टन झाले, टनाला काय भाव, मुकादमाने किती कापले, आणि घरी येताना अंगावर किती बाकी राहिली, सगळं तोंडपाठ, रुपयात बरोबर. तीच वजाबाकी. आता ती पुण्यातल्या कुठल्या चाचणीला बसली तर कोऱ्या कागदावर नापास होईल, आणि अहवालात लिहिलं जाईल की बीड जिल्ह्यातल्या तिसरीच्या मुलांना हातच्याची वजाबाकी येत नाही. अहवाल खोटा नसेल. पण मला तो वाचून त्या पोरीबद्दल काही कळणार नाही.

हेच आपण नंदुरबारच्या पोरांबद्दल बोलतो, बरं का. आणि बिहारचं नाव निघालं की आपल्या स्टाफरूममध्ये जे विनोद होतात ते तुझ्या होस्टेलपेक्षा वेगळे नसतात. कोकण बोर्ड दहावीला पहिलं आलं की ‘कोकणी पोरं जात्याच हुशार’ म्हणणारेही तेच. त्या बोर्डात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग असे दोनच जिल्हे आहेत, हे कुणी बघत नाही.

तुझ्या एम-वनबद्दल, म्हणजे पहिल्या सत्राच्या गणिताबद्दल. पहिल्या टेस्टला कमी पडले ते बीडमुळे नाही, आणि लातूरच्या क्लासमुळेही नाही. तू आजवर मराठीतून विचार करत आलास आणि आता समोर सगळं इंग्रजी धडाधड येतंय. शिवाय लातूरला प्रत्येक प्रकारचं गणित तुला कुणीतरी आधी सोडवून दाखवलेलं असायचं. इथे दाखवणार नाहीत. सरांकडे जा, ‘मला हे इथून पुढे कळलं नाही’ असं बोट ठेवून सांग. मोडक्या इंग्रजीत सांग. पोरं हसली तर हसू देत, मार्क सर देणार आहेत, हसणारे नाहीत.

दिवाळीला येशील तेव्हा लॅपटॉप आण. वसतिगृहाच्या याद्या टोळ्या निघायच्या आत भरायच्या आहेत, आणि माझ्या मोबाइलवर ते पोर्टल अर्ध्यात बंद पडतं. रूममेटला यायचं असेल तर त्यालाही आण. त्याचं टायपिंग चांगलं असेल तर बरंच.

मेसचे पैसे बाबांनी सोमवारी टाकलेत, बघून घे.

तुझी,
आई