उद्याची चाल : लाइव्ह लोकेशन सुरू ठेवा

रामकृष्ण हरी माउली. उद्या पुणे ते सासवड, वाटेत दिवे घाट. निघताना व्हॉट्सॲपचं लाइव्ह लोकेशन फक्त आपल्या दिंडीच्या ग्रुपवर सुरू करा. जास्तीत जास्त 8 तासच चालतं आणि उद्याची चाल त्याहून लांबेल, म्हणून दुपारच्या विसाव्याला पुन्हा सुरू करायचं. सामानाच्या ट्रकवाल्या भाऊंनीही करावं, म्हणजे पंगत कुठे आहे ते कळेल. गर्दीत रेंज गेली की ठिपका जुन्याच जागी दिसतो. घाबरू नका, आपला झेंडा धरून चाला. यंदा घरी राहिलेले आपले ज्येष्ठ माळकरी याच नकाशावर दिवसभर आपल्याबरोबर असतात, त्यांच्यासाठी तरी विसरू नका. पॉवर बँक आज रात्रीच चार्ज करा.