आधी भरती-ओहोटी सांगा, मग वाट ‘सोपी’ म्हणा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला किनाऱ्यावरच्या एका दिवसाच्या पायी भटकंतीचा लेख वाचला आणि तेव्हापासून चडफडते आहे. लेखाची भाषा छान आहे, छायाचित्रंही सुरेख आहेत. तक्रार आहे ती शेवटच्या चौकटीबद्दल. चढ नाही, वाट सपाट, मध्ये एक छोटी होडी, ज्येष्ठांनाही सहज जमेल. बस, एवढंच? भरती कधी, ओहोटी कधी, शेवटची होडी किती वाजता, ती ओहोटीला धक्क्याला लागते की नाही, यातलं एक अक्षर नाही. डोंगरातल्या वाटेवर लिहिताना तुमचे लेखक पाणी कुठे मिळेल, निसरडा टप्पा कुठे आहे, सगळं सांगतात. समुद्राच्या बाबतीत मात्र चढ नाही म्हटलं की जबाबदारी संपली.

अशीच ‘सोपी’ म्हणून शेरा मारलेली एक छापील पुस्तिका घेऊन मी आणि माझी थोरली बहीण एकदा निघालो होतो. सकाळी समुद्र चढत होता. भरतीला ओलसर, घट्ट वाळूचा पट्टा पाण्याखाली जातो आणि चालायला उरते ती वरची कोरडी, भुसभुशीत वाळू. टणक जमिनीपेक्षा अशा वाळूत चालायला दुपटीहून अधिक शक्ती लागते, हे शास्त्रज्ञांनी मोजून दाखवलेलं आहे. त्यात किनारा समुद्राकडे कललेला, म्हणजे एक पाय सतत खालच्या अंगाला. ताईचा गुडघा तासाभरातच बोलायला लागला. पुस्तिकेतला वेळेचा हिशेब ताशी पाच किलोमीटरचा होता. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली मांडलेला नियमही असाच आहे: तासाला सुमारे पाच किलोमीटर धरा आणि चढ असेल तर त्याचा वेळ वर मिळवा. चढ नसला की वर काहीच मिळवायचं नाही. वाळूसाठी त्यात जागाच नाही.

खाडीच्या धक्क्यावर पोचलो तोवर ओहोटी तळाला गेली होती. फळ्यावर खडूने लिहिलेली शेवटच्या फेरीची वेळ अजून झालेली नव्हती. होडी मात्र पलीकडे बांधलेली. आमच्या बाजूच्या पायऱ्यांवर हिरवं शेवाळ, आणि शेवटच्या पायरीखाली पाण्याऐवजी काळा चिकट चिखल. हाका मारल्या. नावाड्याने उभं राहून दोन्ही हात हलवले, येता येणार नाही म्हणून. त्याला मी दोष देत नाही. पाणीच नाही तर तो होडी लावणार कुठे? दोष फळा लावणाऱ्यांचा, कारण मोठ्या ओहोटीला तिथे होडी लागत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, तरी फळ्यावर तशी एक ओळ लिहिली नाही. आणि दोष पुस्तिका छापणाऱ्यांचा. समोरचा काठ हाकेच्या अंतरावर दिसत असताना आम्हाला खाडीच्या कडेने आत पुलापर्यंत जावं लागलं, आणि पूल ओलांडून तेवढंच परत समुद्राकडे. अंधारात, गाड्यांच्या रस्त्याने. ताई एका शब्दानेही कुरकुरली नाही. थोडं चालायची, कठड्याला धरून उभी राहायची, पुन्हा चालायची. त्यानंतर तिने लांब चालणं सोडलं ते सोडलंच. आमच्या घरात सगळ्यांत जास्त चालणारी ती होती, म्हणून तुमची ती चौकट मला नुसती वाचून सोडून देता येत नाही.

आम्ही निदान वेळ आणि गुडघा गमावला. याहून वाईटही होऊ शकतं, आणि ते सपाट किनाऱ्यावरच होतं. किनारा जितका सपाट तितकं पाणी लांबवर पसरतं. शंभर मीटरला एक मीटर एवढाच उतार असेल, तर पाण्याची पातळी एक मीटर वाढताच समुद्र शंभर मीटर आत येतो. शिवाय भरती एका चालीने चढत नाही. पहिल्या तासात साधारण बारावा हिस्सा, म्हणून माणूस निर्धास्त राहतो. तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून निम्मं पाणी चढतं. वाळूतले खोलगट पाट आधी भरतात, बऱ्याचदा आपल्या पाठीमागे, आणि आपण उभे असतो ती जागा तेव्हा कोरडीच असते. इंग्लंडमधल्या मोरकम बे या अशाच अफाट सपाट पुळणीवर ५ फेब्रुवारी २००४ च्या रात्री शिंपले गोळा करणारे किमान २१ चिनी मजूर भरतीत सापडून बुडाले. तिथे चढ कुठे होता?

आणि ही माहिती देणं अवघड आहे असंही नाही. त्याच देशातली साउथ वेस्ट कोस्ट पाथ ही १,०१४ किलोमीटरची किनारवाट अनेक खाड्या होडीने ओलांडते. अर्म नदीच्या मुखाशी होडी नाही. ओहोटीच्या आगेमागे तासभरच ती पायी ओलांडता येते, आणि वाटसरूंना हे आधीच स्पष्ट सांगितलेलं असतं. तुमच्या चौकटीत अशा दोन ओळी सहज मावल्या असत्या. तयार वेळ छापून उपयोग नाही, कारण भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते आणि अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाला पाणी जास्त चढतं, जास्त उतरतंही. त्या-त्या बंदराचं वेळापत्रक पाहा, वाळूचा टप्पा पाणी उतरताना चाला, होडीवाल्याला आदल्या दिवशी विचारून घ्या, आणि होडी चुकली तर पूल किती लांब आहे ते आधीच नकाशावर बघून ठेवा, एवढं तरी लिहा.

जाता जाता आणखी एक. भरतीच्या वेळी ‘वरच्या कोरड्या वाळूतून चालावे’ असा सल्ला लेखात आहे. सुरय आणि चिखल्या हे पक्षी विणीच्या काळात भरतीरेषेच्या वर, उघड्या वाळूतच अंडी घालतात. घरटं म्हणजे नुसता खळगा, आणि अंडी वाळूच्याच रंगाची. पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. त्याच लेखातल्या छायाचित्राखाली सुरयांच्या थव्याला कुरव, म्हणजे सीगल, म्हटलेलं आहे. निमुळती चोच आणि दुभागलेली शेपटी चित्रात स्वच्छ दिसत असताना ही चूक व्हायला नको होती.

पुढच्या पुरवणीत चौकट दुरुस्त करून पुन्हा छापावी, आणि आतल्या पानावर कोपऱ्यात न टाकता लेख होता त्याच पानावर छापावी, ही विनंती. सुट्टीचे दिवस येत आहेत. कात्रण काढून लोक निघतील.

आपली,
एक नियमित वाचक