कपाट भिंतीला बांधूनच घे

पुणे

प्रिय सुहास,

पत्र मिळालं. चिपळूणचं घर लागलं, अण्णांच्या पुस्तकांची खोकी अखेर माळ्यावरून उतरली आणि हॉलमध्ये सात फुटी कपाट करायचं ठरलं, हे वाचून फार बरं वाटलं. फक्त तुझ्या एका वाक्याशी अडलो. "एवढं जड कपाट कुठे हलतंय, उगाच नव्या भिंतीला भोकं कशाला?" असं तू लिहिलंयस. त्या वाक्यासाठीच लगेच लिहायला बसलोय.

जड कपाट पडत नाही, हा समज मनातून काढून टाक. पुस्तकांचं वजन फूटभराला आठ-नऊ किलो धर. तीन फुटांच्या फळीवर पंचवीस किलो, सहा फळ्यांचे दीडशे. आणि हे सगळं उभं कशावर, तर जेमतेम अकरा इंच खोलीच्या पायावर. पाणी निघावं म्हणून फरशीला कुठे ना कुठे उतार दिलेला असतोच. कपाटाच्या पुढच्या पायापाशी तो तीन मिलिमीटर असला, तरी सात फुटांवरचं टोक जवळजवळ इंचभर पुढे झुकतं. मीरा आता धरून उभी राहते म्हणतोस. आणखी काही महिन्यांनी ती खालच्या फळीवर पाय देऊन वरची फळी ओढणार, सगळीच मुलं तसं करतात. त्या वेळी हे दीडशे किलो आपल्या बाजूचे नसतात रे.

त्यातून तू राहतोस कोयनेच्या टापूत. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप पहाटे झाला, माणसं गाढ झोपेत होती. लहानसहान धक्के तुम्हाला अजूनही बसतात. म्हणून अंथरुणाच्या उशाशी कपाट नको, आणि कुठेही ठेवलंस तरी मोकळं उभं नको.

आता करून घ्यायचं कसं. तयार पार्टिकल बोर्डाचं स्वस्त पडेल, पण कोकणातल्या पावसाळ्यात तो फुगतो आणि एकदा फुगला की स्क्रू धरत नाही. सुताराकडूनच कर. प्लाय ७१० मार्कचा, म्हणजे पाण्याला टिकणारा, फळ्या १८ मिलिमीटर जाडीच्या. तू चार फूट लांबीची फळी काढली आहेस, ती तीनवर आण. पुस्तकांच्या भाराने चार फुटी फळी तीन फुटीच्या तिप्पट वाकते, आणि एकदा पोट सुटलं की परत सरळ होत नाही. लांबी हवीच असेल तर मध्ये एक उभी फळी घाल. पाठीला पूर्ण प्लाय लाव, नाहीतर कपाट बाजूला डुलतं.

खरं काम भिंतीचं आहे. तुमच्या जुन्या घराच्या भिंती चिऱ्याच्या होत्या, या नव्या इमारतीत बहुधा सिपोरेक्स ब्लॉक, म्हणजे सिमेंटचे हलके, सच्छिद्र ठोकळे असतील. बिल्डरला विचारच, पण ड्रिल मारताना स्वतः शेजारी उभा राहा. आधी करडी भुकटी येते, तो गिलावा. त्यामागून लाल आली तर वीट किंवा चिरा, आणि पिठासारखी पांढुरकी भसाभस आली तर सिपोरेक्स. विटेत नेहमीची गिट्टी, म्हणजे स्क्रू धरायला भोकात बसवतात ती प्लॅस्टिकची नळी, चालते, मात्र स्क्रू भिंतीत किमान दोन-अडीच इंच शिरायला हवा, कारण पहिला अर्धा-पाऊण इंच नुसता गिलाव्यात जातो आणि गिलाव्याला धरून ठेवायची ताकद नसते. सिपोरेक्समध्ये साधी गिट्टी जागच्या जागी फिरते. त्यासाठी वेगळी, लांब नायलॉनची गिट्टी मिळते. ती आणायला सांग आणि भोक पाडताना ड्रिलचा हॅमर, म्हणजे ठोके देणारी सोय, बंद ठेवायला लाव. भोकातली भुकटी फुंकून काढल्याशिवाय गिट्टी बसवू देऊ नकोस. स्विचबोर्डाच्या सरळ वर-खाली भोक नको, आत वायरींचा पाइप असतो.

दमट भिंतीला कपाट चिकटवलं की मागे बुरशी धरते, आणि अंतर ठेवलं तर बांधायचं कसं, हा तुझा प्रश्न अगदी रास्त आहे. त्यावर उपाय सोपा आहे. भिंतीवर इंचभर जाडीच्या लाकडी पट्टीचे दोन तुकडे आडवे बसव, एक डाव्या टोकाला, एक उजव्या, वरच्या फळीच्या पातळीत. कपाट त्यांना टेकवून, वरच्या फळीखाली आतून जी जाड आडवी पट्टी असते तिच्यातून या तुकड्यांत स्क्रू घाल. मागून हवा खेळते आणि कपाटही पक्कं राहतं. सुतार म्हणेल पाठीच्या प्लायलाच स्क्रू मारतो. ऐकू नकोस, सहा मिलिमीटरचा प्लाय झटक्यासरशी फाटून येतो. आणि भिंतीला बांधण्याआधी पाणसळ लावून पुढच्या पायाखाली पाचर दे, म्हणजे सगळा ताण स्क्रूंवर येणार नाही.

जाडजूड ग्रंथ, कोश, बांधीव अंक सगळे खाली. चिपळूणकराला हे पटायला जड जातं, ठाऊक आहे. २००५ आणि २०२१ च्या पुरांत तुमच्या वाचन मंदिरातल्या पुस्तकांचं काय झालं ते पाहिलेला माणूस खालच्या फळीवर पुस्तक ठेवायला धजत नाही. पण तू तिसऱ्या मजल्यावर आहेस. तिथे वजन खालीच हवं. मीराला मोह पडेल असं काही, खेळणी, मोबाइल, बिस्किटांचा डबा, कपाटाच्या माथ्यावर कधीही ठेवू नका. वहिनींनाही हे आवर्जून सांग.

सुतार यायच्या आधी भिंतीचा एक फोटो आणि मापं पाठव, कुठे भोकं घ्यायची ते खुणा करून कळवतो. काकूंना नमस्कार, मीराला गोड पापा.

तुझा,
विनय