जिन्यात आणि डक्टजवळ होणारे धूम्रपान बंद करण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापन समिती सदस्य

स.न.वि.वि.

मी बी विंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहते. मला सातवा महिना चालू आहे. आमच्या विंगच्या जिन्यात, दुसऱ्या मजल्याच्या लँडिंगवर, काही रहिवासी सकाळ-संध्याकाळ सिगारेट ओढायला उभे राहतात. तो धूर दाराच्या फटीतून आणि डक्टकडच्या खिडकीतून आमच्या घरात येतो. मला कोणाचेही नाव घ्यायचे नाही. आपल्या मुलाबाळांना त्रास नको म्हणूनच ही मंडळी घराबाहेर येतात, हे मी जाणते. पण जिन्यात सोडलेला धूर वर चढतो आणि दुसऱ्यांच्या घरात शिरतो.

याबद्दल तोंडी बोलले तेव्हा "वास येत असेल तर खिडकी लावून घ्या" असे उत्तर मिळाले. वास सहन करता आला असता. मला काळजी बाळाची आहे.

ओढणाऱ्याने तोंडावाटे सोडलेला धूर हा एकूण धुरातला लहान हिस्सा असतो. बाकीचा बहुतेक धूर सिगारेटच्या जळत्या टोकातून सुटतो, आणि तो फिल्टरमधून आलेला नसतो. त्यातला कार्बन मोनॉक्साइड वायू रक्तातल्या, ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक जोराने चिकटतो. तो आईच्या रक्तातून बाळाच्या रक्तात जातो आणि तिथे जास्त काळ टिकतो. निकोटिनही वारेतून (प्लासेंटातून) बाळापर्यंत पोचते. बाळापर्यंत ऑक्सिजन आणि पोषण कमी गेले की त्याची वाढ मंदावते.

अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या (तिथल्या सरकारच्या सार्वजनिक आरोग्य प्रमुखांच्या) २००६ च्या अहवालात स्पष्ट म्हटले आहे की गर्भवतीच्या श्वासात गेलेल्या इतरांच्या धुरामुळे बाळाचे जन्मवजन थोडे कमी होते. हा "थोडे" शब्द वाचून कोणी विषय बाजूला ठेवू नये, म्हणून अधिक लिहिते. वेगवेगळ्या पाहण्यांत ही घट सरासरी साधारण तीस-चाळीस ग्रॅम भरते. तीन किलोच्या बाळाला तिने फारसा फरक पडणार नाही. पण जन्मवजन २५०० ग्रॅमपेक्षा कमी असेल तर बाळ कमी वजनाचे धरले जाते, आणि या रेषेच्या जेमतेम वर असलेली बाळे पुष्कळ असतात. कमी वजनाच्या बाळाला अंगातली ऊब टिकवणे, अंगावरचे दूध ओढणे, जंतुसंसर्गाशी झुंजणे, सगळेच जड जाते. माझे बाळ रेषेच्या कोणत्या बाजूला असेल हे आज कोणीच सांगू शकत नाही. मग तेवढे ग्रॅम जिन्यातल्या धुरापायी का घालवायचे?

एक्झॉस्ट पंखा बसवण्याची सूचनाही झाली होती. त्याच अहवालानुसार खेळती हवा किंवा हवा शुद्ध करणारी यंत्रे यांनी इमारतीतला धुराचा संपर्क पूर्णपणे टळत नाही. उपाय एकच, धूर आत होऊच न देणे. स्कॉटलंडमध्ये मार्च २००६ मध्ये बंदिस्त सार्वजनिक जागांत धूम्रपानबंदी आली. नंतर तिथल्या प्रसूतींच्या नोंदी तपासल्या, तेव्हा वेळेआधी जन्मणाऱ्या बाळांचे प्रमाण घटलेले दिसले.

माझी विनंती अशी, की सर्व विंगचे जिने, लँडिंग, लिफ्टसमोरची जागा आणि डक्टकडच्या खिडक्या इथे धूम्रपान करू नये असा ठराव समितीने करावा आणि तशी सूचना फलकावर लावावी. ज्यांना ओढायचीच आहे त्यांच्यासाठी आवारात मागच्या भिंतीकडे, खिडक्यांपासून लांब, उघडी जागा ठरवून द्यावी. सिक्युरिटीच्या माणसांनी रहिवाशांशी वाद घालावा अशी माझी अपेक्षा नाही. समितीच्या एखाद्या सदस्याने संबंधितांशी शांतपणे बोलावे, एवढे पुरेसे होईल.

बाळाचे वजन शेवटच्या तीन महिन्यांत झपाट्याने वाढते. म्हणून हा विषय वार्षिक सभेपर्यंत न लांबवता येत्या मासिक बैठकीतच घ्यावा. बोलावल्यास मी आणि माझे पती दोघेही हजर राहू.

आपली विश्वासू,
एक सभासद, बी विंग